ताकदीच्या गोळ्या

माझ्या दवाखान्यात येऊन 'मला उदास वाटतं' असं सांगणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. हातपाय गळून जाते, म्हणतात. छातीत धडधड होते, डोकं भणभणते, तळपाय जळतात, अंगात ग्यास फिरते. आणि शेवटी सगळ्यांचं मागणं एकच असतं: "कमजोरी आहे मॅडम, एखादी सलाईन लावून द्या." अकोल्यात जठारपेठेत माझा दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर घर. आत एक टेबल, मध्ये हिरवा पडदा, बाहेर दोन बाकडी. मी साधी फॅमिली डॉक्टर. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, पोरांचे ताप, आणि ही कमजोरी.

या कमजोरीतली बरीचशी रक्तात सापडत नाही, हे मला पहिल्या काही वर्षांतच कळलं. रक्त ठीक, थायरॉईड ठीक आलं की मी पाच प्रश्न विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? कामात मन लागतं का? रडायला येतं का? पाचवा प्रश्न पडदा नीट ओढून, आवाज खाली करून विचारते: जीव नकोसा वाटतो का? या प्रश्नावर लोक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मग सांगतात. विचारलं की सांगतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

या आजाराला गोळी आहे. तीन-चार आठवड्यांनी गुण येतो, पुढे कित्येक महिने घ्यावी लागते. सुरुवातीला मी सरळ सांगायची, हा मनाचा आजार आहे आणि ही त्याची गोळी. बाई मान हलवून जायची ती परत यायची नाही. चार दिवसांनी नवरा यायचा आणि पुडी टेबलावर ठेवायचा. "माह्या बायकोले तुमी पागल ठरवून राहिल्या का मॅडम?" एकीच्या सासूने तर गोळ्या नालीत टाकल्या आणि मुद्दाम येऊन मला सांगून गेली.

मग मी गोळीचं नाव बदललं. ताकदीची गोळी. रात्री जेवल्यावर एक. पाकिटातून गोळ्या काढायच्या, कागदी पुडीत घालायच्या आणि पुडीवर पेनाने चंद्र काढायचा. चंद्र म्हणजे रात्रीची, सूर्य म्हणजे सकाळची. ही पद्धत आमच्याकडे जुनीच आहे, वाचता न येणाऱ्यांसाठी. छापील नाव पुडीवर येत नाही, त्यामुळे मेडिकलवाला काही सांगेल ही भीतीही नाही. चंद्राखाली मी लिहायची, 'ताकदीची'. लोक गोळ्या खाऊ लागले. झोपू लागले, जेवू लागले. बायका येऊन सांगायच्या, "मॅडम, आता डोक्यावर दोन गुंड भरून पाणी एका दमात आणतो." मला बरं वाटायचं.

अमरावतीला एकदा आम्हा फॅमिली डॉक्टरांसाठी शिबिर होतं. समोरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, पेशंट ही गोळी घ्यायला तयार नसेल तर तुम्ही काय करता? मी उठून पुडीचं आणि चंद्राचं सांगितलं. हॉलमध्ये हशा पिकला, मागून टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघी-तिघी मला येऊन भेटल्या. ते तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, ताकद आली की माणूस ताकदीची गोळी सोडतो." मी म्हटलं, माझे पेशंट सोडत नाहीत, मी रिकामी पुडी परत मागते. ते खरंच होतं. जुनी पुडी दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही, हा आमचा नियम. माझ्या मदतनीस बाई पुडी उघडून बघतात आणि आत गोळी दिसली तर बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर झापतात. "काहून उरली? लोणचं घालाचं हाय का?"

हा नियम मी एकाच माणसासाठी ढिला सोडला. माझ्या मोठ्या बहिणीसाठी.

आमचं माहेर बाळापूरकडचं. माळ्याचं घर, भाजीपाला आणि फुलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने सातवीत शाळा सोडली, मी डॉक्टर झाले. मी अभ्यास करायची तेव्हा माझ्या वाटच्या वांग्यांची तोडणी ती करायची. परीक्षेच्या दिवसांत आई दोघींना डिंकाचा एकेक लाडू द्यायची. ताई तिचा लाडू माझ्या दप्तरात टाकायची. "तुले पेपर आहे. मले काय, वांग्यांचा पेपर." तिला तिवशाकडे दिलं, तिथेही भाजीपाला आणि झेंडू-शेवंतीचं वावर. भाऊजी मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर माणूस. मी दिसले की दंडावर हात ठेवून ओरडायचे, "आली वं सुई टोचणारी!" त्यांना एक मुलगा, एक मुलगी. मुलाचं लग्न झालेलं, मुलीचं व्हायचं होतं.

एका चैत्रात ताई माझ्याकडे आली. एसटीतून उतरून, भाजीची पिशवी घेऊन, दवाखान्यात न थांबता थेट वर स्वयंपाकघरात. दुपारी मी वर गेले तेव्हा ती ओट्याशी मेथी निवडत होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"काय वं, इतकी काहून उतरली?"

"कमजोरी आहे बाप्पा. उमर झाली."

"झोप?"

"लागते न. तीनले उघडते. मंग तुह्या भाऊजीच्या घोरण्याची राखण करतो."

"जेवण?"

"जेवतो न." मी पोळी वाढली. तिने ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.

"तोडणीत मन लागते का?"

"झेंडूत काय मन लावा लागते वं? हात लावा लागते." ती हसली. मग म्हणाली, "हात बी नाही लागत आता."

चौथा प्रश्न विचारायची गरज पडली नाही. तिचे डोळे बोलता बोलताच भरत होते आणि ती मेथीच्या जुडीने पुसत होती. पाचवा प्रश्न मी विचारला नाही. तेव्हा कुकरची शिट्टी झाली, मी उठले, हे खरं आहे. पण कुकर नसता तरी मी विचारला नसता. लाडू माझ्या दप्तरात टाकणाऱ्या बाईला असं कसं विचारायचं, हे मला कळलं नाही. खाली बाकड्यावर नंबर लावून बसली असती तर विचारलं असतं.

मी म्हटलं, अमरावतीला चांगले डॉक्टर आहेत, दाखवून घेऊ.

"कशाचे डॉक्टर?"

मी सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली. "पागलाच्या? पोरीले पाहुणे पाहून राह्यले वं. तिवशाचं कोणी ना कोणी रोज अमरावतीले असते. कोणी पाह्यलं तं? अन् तू कायची डॉक्टर मंग?"

शेवटचं वाक्य मला लागलं आणि थोडं सुखावूनही गेलं. मी होते ना. खाली जाऊन पुडी बांधून आणली, वर चंद्र काढला.

"कायची?"

"ताकदीची. रात्री जेवल्यावर एक."

बाहेरच्या बाईला सांगावं तसंच मी तिला सांगितलं. तिने पुडी पर्समध्ये, पोथीच्या पानांत ठेवली.

पुढच्या पुड्या मी अमरावतीकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवत राहिले. तपासणी फोनवर व्हायची. दीड महिन्यात तिच्या आवाजाला धार आली. श्रावणात ती मला रागावली, याचा मला आनंद झाला. पोळ्याला फोन आला तर मागे सगळी हसत होती, आणि ही म्हणाली, "तुही गोळी लय भारी वं. मी आता ताजी झाली. आज चाळीस पुरणाच्या पोळ्या केल्या." मी म्हटलं, गोळी सोडू नकोस, अजून सहा महिने घ्यायची. "कोण सोडते? तुह्या हातची गोळी आहे, मी वाया नाही जाऊ देत." ती खोटं बोलत नव्हती. तिने एकही गोळी वाया जाऊ दिली नाही.

रिकाम्या पुड्या मी मागितल्या नाहीत. बहिणीला कुणी रिकामी पुडी मागतं का?

गणपतीनंतर तिचा आवाज पुन्हा सपाट झाला. पुढच्या फोनला ती पलीकडे आहे की नाही हेच कळेना. मी विचारलं, गोळी खाते ना? ती म्हणाली, "चालू आहे न." मला वाटलं, डोस कमी पडतोय. वाढवला. नव्या पुडीवर दोन चंद्र काढले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिवशाला गेले. वावरात झेंडूची तोडणी जोरात होती, गाडी संध्याकाळी निघायची होती. सगळ्यांत आधी जिची टोपली भरायची ती ताई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलेली, टोपली शेजारी रिकामी. बायका तिच्या बाजूने ये-जा करत होत्या आणि तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. मी जाऊन उभी राहिले आणि काय म्हटलं असेल? "उठ ताई, जरा हातपाय हलव. बसून राहिलं की असंच होतं." पेशंटच्या नातेवाइकांना मी जे बोलू नका म्हणून बजावते, नेमकं तेच.

"हो वं," ती म्हणाली. "तू म्हणते तं खरंच असन." आणि उठली. माझ्यासाठी उठली. दोन फुलं तोडली आणि टोपलीत न टाकता हातातच धरून उभी राहिली.

परतताना अमरावतीच्या रस्त्यावर मी त्या तज्ज्ञांना फोन केला आणि दिवाळीनंतरच्या सोमवारची वेळ घेतली. पाहुण्यांचं काय व्हायचं ते होवो, मी तिला धरून नेणार होते.

दिवाळीच्या पाच दिवस आधी ताईने जीव दिला. कसा, ते मी लिहिणार नाही. ते लिहून कुणाचं भलं होत नाही, आमच्या पेशात हे शिकवतात. फोन आला तेव्हा मी एका मुलाचा घसा बघत होते. घसा बघून झाला, औषध लिहून दिलं, मग मी उठले. लोकांना हे विचित्र वाटलं असेल. मला दुसरं काही सुचलं नाही.

तेरवीला जेवणं उरकली, बायका मागे भांडी घासत होत्या. भाऊजी मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला हाताने बोलावलं. आवाज अगदी खाली गेलेला.

"डाक्टरीनबाई, एक इचारू का? त्या गोळ्या राह्यल्या का तुमच्यापाशी?"

"कोणत्या?"

"ताकदीच्या. चंद्रवाल्या. मले झोप नाही. त्या गोळीनं मले लय बरं वाटत होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुम्हाला?"

"ती देत होती न. पोळ्यापासून. एक गोळी राहे तवा अर्धी मले अन् अर्धी सुनेले. सून बाळंतीण, तिले ताकद पाह्यजे. मी वावरात खपणारा. रोज जेवणं झाले का इळ्यानं मधोमध कापे, सुपारीवानी."

"आणि ताई?"

"ती म्हणे, मी ताजी झाली, मले आता काय करा लागते. मंग तुमी दोन केल्या तवा मले पुरी एक भेटे." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "माह्यासाठीच वाढवून मागतल्या असन तिनं तुमाले."

मी म्हटलं, बघते. मागे टाक्यावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. एका बाईने विचारलं, काय लागलं वं हाताले? मग मी आत जाऊन सुनेला गाठलं, गोळी कधीपासून, किती, अंगावर पाजतेस का, बाळ झोपतं कसं, पितं कसं, सगळं विचारलं. बाळाला उचलून नीट तपासलं. ते ठीक होतं. सून घाबरली. "काही झालं का मावशी? आत्या म्हणत, ताकदीची हाय, पोराले दूध येईन." मी म्हटलं, काही झालं नाही, पण आता ती घेऊ नकोस. तेव्हा करण्यासारखं तेवढंच होतं.

अकोल्याला परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आमच्या घरातल्या बाईला ताकदीची वस्तू दिली तर ती स्वतः खाणार नाही, हे मला माहीत होतं. लाडू माझ्याच दप्तरात येत होता. जगात ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तापाची गोळी म्हटलं असतं, पोटदुखीची म्हटलं असतं, तर तिने वाटली नसती. आजाराची गोळी कुणी वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मदतनीस बाईंना सांगितलं, आजपासून ताकदीची गोळी बंद. जे आहे ते सांगायचं.

"लोकं पळतीन मॅडम."

"पळू द्या."

पळालेच. काही समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन सलाईन लावून आले. एक नवरा पडद्याबाहेर उभा राहून ओरडला. काही मात्र राहिले. माझं बोलणं आता ठरून गेलं आहे, रोज तेच: "हा उदासीचा आजार आहे. बीपी असतं, शुगर असते, तसाच हा असतो. ही त्याचीच गोळी. ज्याची त्यानेच खायची. घरात वाटायची नाही. अर्धी करून कुणाला द्यायची नाही." शेवटच्या दोन वाक्यांवर लोक हसतात. गोळी कोण वाटते मॅडम, म्हणतात.

माघात भाऊजी आले. पूर्वी ते थेट वर जायचे आणि जिन्यातूनच चहा मागायचे. या वेळी त्यांनी नंबर घेतला आणि बाकड्यावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. पडदा सारून आत आले तेव्हा मी त्यांना आधी सदऱ्यावरून ओळखलं. झोप नाही, जेवण नाही, वावरात जात नाहीत. मुलगा म्हणतो, बाबा दिवसभर तिच्या पेटीपाशी बसून राहतात. चार प्रश्न मी विचारले. पाचवा माझ्या तोंडापर्यंत आला. पण त्याचं काहीही उत्तर आलं तरी ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी बीपीचा पट्टा बांधायला घेतला.

"तेच गोळी द्या," ते म्हणाले. "तिच्या हातची तेवढीच एक गोष्ट राह्यली."

त्यांना आता त्या गोळीची खरोखरच गरज होती, स्वतःच्या आजारासाठी. मी पुडी बांधली, चंद्र काढला.

"ताकदीचीच न?"

"हो."

सगळ्या शहराला मी खरं सांगत होते आणि या एका माणसाशी जुनं खोटं चालू ठेवलं होतं. खरं सांगायचं म्हणजे, भाऊजी, तुम्ही माझ्या बहिणीचं औषध खाल्लं, हे सांगायचं. ते मला सांगता येईना. त्यांच्यासाठी, असं मी स्वतःला समजावत होते. तेवढंच नव्हतं. ते पुढे विचारणार होते, मग तुमी काहून सांगतलं नाही, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागणार होतं.

दर महिन्याला ते यायचे. न मागता रिकामी पुडी टेबलावर ठेवायचे, चार घड्या घातलेली. एकही गोळी उरलेली नसायची. भाजीची पिशवी बाकड्याखाली ठेवून जायचे.

चौथ्या खेपेला त्यांच्या आधी बाळापूरकडची एक तरुण बाई होती. माझा आवाज मोठा आहे आणि पडदा कापडाचा. मी तिला माझं नेहमीचं सांगितलं. ती रडली. मी पुडी दिली, चंद्र दाखवला, म्हटलं, आणि ही गोळी नवऱ्याला द्यायची नाही, सासूला द्यायची नाही, तूच खायची. ती गेली. मग भाऊजी आत आले, बसले, आणि त्यांनी टेबलावर दोन पुड्या ठेवल्या. एक रिकामी. दुसरी जुनी, दोन चंद्रांची, खाली माझ्या अक्षरात 'ताकदीची'. तिच्यात तीन गोळ्या होत्या.

"तिच्या पोथीत सापडली. जवळ ठेवत होतो." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "त्या पोरीले देल्ली ते गोळी अन् हे गोळी एकच न?"

"हो."

"मले देता तेच?"

"तीच."

"अन् तिले बी तेच होती."

"हो भाऊजी."

बाहेर मदतनीस बाईंनी पुढचा नंबर पुकारला. मी म्हटलं, थांबवा. भाऊजी त्या तीन गोळ्यांकडे बघत राहिले. मग एक गोळी बोटाने दाबली, जणू विळ्याने कापायची आहे.

"म्हणजे मी तिची दवा खाल्ली."

"तुम्हाला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. फक्त मला माहीत होतं."

"काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं असतं तर तुमच्या घरात ती गोळी राहू दिली असती?"

दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. भाऊजींनी विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. मग मान हलवली. "नसती राहू देल्ली. पोरीचं पाहून राह्यलो होतो न." पुडीकडे बघत म्हणाले, "मीच फेकली असती."

"पण सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "ती चूक माझी आहे. तुम्ही ती घ्यायची नाही."

त्यांचे हात टेबलावर उताणे पडले होते, बोटांच्या पेरांत काळी माती. त्या हातांकडे बघताना मला धुऱ्यावरची ताई दिसली, दोन फुलं हातात धरलेली. मी उठले, पडदा टोकापर्यंत ओढला आणि परत येऊन बसले.

"भाऊजी, जीव नकोसा वाटतो का?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. सगळे पाहतात तसंच.

"वाटते," ते म्हणाले.

"कधी?"

"रोजच." आणि मग, जणू कुणी इतके दिवस दार अडवून उभं होतं आणि आता बाजूला झालं, तसे ते बोलत राहिले. जे विचारायचं असतं ते विचारलं, जे करायचं असतं ते केलं. बाहेर सांगितलं, आज दवाखाना बंद. मुलाला फोन केला, घरात काय काय दूर ठेवायचं ते सांगितलं, बाबांना एकटं सोडायचं नाही हे सांगितलं. अमरावतीच्या तज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता घेऊन या. मदतनीस बाईंनी भाऊजींना चहा पाजला आणि बिस्किट हातात देऊन समोर उभ्या राहिल्या. "खा. उरवू नका."

गाडी मीच चालवली. भाऊजी शेजारी, पिशवी मांडीवर. पिशवीत वांगी होती, माझ्यासाठी आणलेली, बाकड्याखाली ठेवायची राहून गेली होती. ऊन रस्त्यावर सरळ उतरत होतं. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ते म्हणाले, "पागलाचाच डॉक्टर न हा?"

"हो."

"तिवशाचं कोणी भेटलं तं?"

"भेटलं तर भेटलं."

"हं," ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत राहिले. मग, माझ्याकडे न बघता:

"हे तुमी मले इचारलं, ते तिले इचारलं होतं?"

"नाही."

"इचारलं असतं तं सांगतलं असतं तिनं?"

समोर एक ट्रक होता. तो पार होईपर्यंत मी थांबले. त्या वेळात मला दोन उत्तरं सुचली, त्यातलं एक दोघांनाही सोपं गेलं असतं.

"सांगितलं असतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पिशवीचं तोंड नीट दुमडलं, वांगी सांडू नयेत म्हणून, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. अमरावतीच्या अलीकडचं बडनेरा यायचं होतं अजून.